बाटलीवरचा नांगर : एका वेष्टनबदलाचा अभ्यास

द्वितीय वर्षाच्या अर्थशास्त्रात ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ या नावाचे एक प्रकरण आहे. एडवर्ड चेंबरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. बाजारात एकाच प्रकारचा माल विकणारे पुष्कळ विक्रेते असतात. पण प्रत्येकाचा माल दुसऱ्यापेक्षा थोडासा वेगळा असतो, निदान वेगळा भासतो. त्यामुळे प्रत्येक विक्रेता आपल्यापुरता एक लहानसा मक्तेदार होऊन बसतो. या वेगळेपणाला आपण ‘वस्तुभेद’ म्हणतो. वस्तुभेद कशाकशाने निर्माण होतो हे सांगताना चेंबरलिनने मालाच्या अंगच्या गुणांबरोबर व्यापारचिन्ह, नाव आणि वेष्टन यांचाही उल्लेख केला आहे. परीक्षेपुरती आपण ही यादी पाठ करतो, साबण आणि टूथपेस्ट ही दोन उदाहरणे लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या यादीतील ‘वेष्टन’ या शब्दापाशी माझे मन अडखळले. वेष्टन हा जर वस्तूच्या वेगळेपणाचाच एक भाग असेल, तर वेष्टन बदलल्यावर वस्तू तीच राहिली असे म्हणता येईल काय? आणि वेष्टन हे नेमके कोणाच्या मालकीचे? ते छापून घेणाऱ्या कारखानदाराचे, की ते पाहून माल ओळखणाऱ्या गिऱ्हाईकाचे? या प्रश्नांचा नुसता तात्त्विक ऊहापोह करण्यापेक्षा एका घडलेल्या उदाहरणाच्या आधाराने विचार करावा असे वाटले. ते उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील ‘अँकर ब्रुइंग कंपनी’ या बिअरच्या लहान कारखान्याचे आहे. या कारखान्याने २०२१ साली आपले बोधचिन्ह आणि सर्व वेष्टने एकदम बदलली. विषय बिअरचा असला तरी मद्यपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. हे उदाहरण निवडण्याचे कारण इतकेच की, वेष्टनाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात स्वच्छपणे दिसतात.

छाप आणि लाल त्रिकोण

व्यापारचिन्हांचा इतिहास चाळू लागले की पहिली गाठ पडते ती एका बिअर कारखान्याशीच. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी विल्यम बास याने १७७७ साली कारखाना काढला. पुढे ब्रिटनमध्ये १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८७६ ही तारीख असलेली पहिल्या क्रमांकाची नोंद झाली ती बासच्या लाल त्रिकोणाची. या चिन्हात काय आहे? प्राणी नाही, देवदेवता नाही, राजमुकुट नाही. तीन बाजू आणि लाल रंग, एवढेच. तरी या साध्या आकृतीची ओळख इतकी पक्की झाली की, एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पूर्ण केलेल्या ‘फोली-बेर्जेरमधील बार’ या प्रसिद्ध चित्रात समोर मांडलेल्या बाटल्यांपैकी बासच्या बाटल्या त्या लाल त्रिकोणावरून आजही कोणालाही ओळखू येतात. कारखान्याचे मालक त्यानंतर अनेकदा बदलले, पण त्रिकोण बदलला नाही.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘छाप’. दुकानात जाऊन अमुक छाप आगपेटी किंवा तमुक छाप विडी मागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेत नाही, चित्राचे नाव घेते. आणि ‘मनावर छाप पडणे’ हाही वाक्प्रचार आपण त्याच शब्दाने करतो. कागदावर उमटते तीही छाप आणि मनावर उमटते तीही छाप. हे शब्दसाम्य मला अर्थपूर्ण वाटते. ज्या समाजात बहुसंख्य लोकांना अक्षर येत नव्हते तेथे चित्र हेच वाचन होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना आणि उमेदवारांना चित्रांची चिन्हे द्यावी लागली, त्याचे कारण हेच. मतदाराला नाव वाचता आले नाही तरी चित्र वाचता येत होते.

नांगराची जन्मकथा

आता मूळ उदाहरणाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरातून माणसे तिकडे लोटली. त्यांत बिअर बनविण्याची विद्या जाणणारे जर्मन लोकही होते. त्यांच्या देशातील ‘लागर’ जातीची बिअर थंड हवेत, बर्फाच्या आधाराने, सावकाश आंबवावी लागे. सॅन फ्रान्सिस्कोत बर्फ मिळणे दुरापास्त होते आणि शीतयंत्रे अजून आली नव्हती. तेव्हा कारागिरांनी तोडगा काढला. लागरचेच किण्व वापरायचे, पण मिश्रण उथळ व उघड्या टाक्यांत पसरून शहराच्या नैसर्गिक गारव्यात आंबवायचे. या बिअरला ‘स्टीम बिअर’ म्हणजे वाफेची बिअर असे नाव पडले. त्या नावाच्या उगमाविषयी निरनिराळ्या उपपत्ती सांगितल्या जातात. गरजेतून ही पद्धत निघाली याविषयी मात्र दुमत नाही.

गॉटलीब ब्रेकल या जर्मनाने १८७१ साली शहरात असा एक कारखाना सुरू केला. १८९६ मध्ये तो अर्न्स्ट बारुथ आणि त्याचा जावई ओटो शिंकेल यांनी विकत घेतला आणि त्याला ‘अँकर’ असे नाव दिले. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. बंदराच्या गावात हे नाव शोभून दिसणारे होते. पुढचा इतिहास संकटांचा आहे. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत कारखाना भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहतो न राहतो तो १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, ती १९३३ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर कारखाना पुन्हा सुरू झाला खरा, पण मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त आणि एकसारख्या बिअरपुढे त्याचा निभाव लागेना.

१९६५ साली कारखान्याला टाळे लागण्याची वेळ आली असता फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने त्यातील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. मेटॅग हा कपडे धुण्याची यंत्रे बनविणाऱ्या घराण्यातला. बिअर कशी करतात हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हते. तो ते शिकला. त्याने स्वच्छतेकडे लक्ष दिले, जुनी पद्धत जपली, आणि १९७१ मध्ये अँकर स्टीम बिअर बाटल्यांत भरून विकायला आरंभ केला. अमेरिकेत पुढे ‘क्राफ्ट ब्रुअरी’ म्हणजे लहान प्रमाणावर, कारागिरीने बिअर करणाऱ्या कारखान्यांची जी चळवळ झाली, तिचा उगम अनेक अभ्यासक या कारखान्यात पाहतात.

हाताने काढलेली लेबले

बाटली आली म्हणजे लेबल आले. अँकरच्या जुन्या लेबलाच्या मध्यभागी नांगर होता. त्याच्या बाजूंना बार्लीची कणसे आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप वेलीची फुले होती. सारे रेखाटन हाताचे, बारीक रेषांचे, थोडे गर्दीचे. दुरून पाहिले तर त्यातले निम्मे दिसणार नाही, पण बाटली हातात घेऊन बसलेल्या माणसाला बराच वेळ पाहता येईल असे.

१९७५ पासून हा कारखाना दरवर्षी नाताळासाठी एक खास बिअर काढू लागला. तिची कृती दरवर्षी बदले आणि लेबलावरचे झाडही दरवर्षी बदले. ही झाडे जिम स्टिट या चित्रकाराने काढली. चार दशकांहून अधिक काळ एकाच माणसाने एकाच कारखान्यासाठी दरवर्षी एक नवे झाड काढावे, ही गोष्ट व्यापाराच्या जगात विरळाच. लोक ही लेबले जपून ठेवीत.

येथे एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. या लेबलात दरवर्षी बदल होत होता, तरी कोणी तक्रार केली नाही. उलट लोक बदलाची वाट पाहत. म्हणजे गिऱ्हाईक बदलाचा वैरी असतो असे म्हणणे बरोबर नाही. झाड बदले, पण ते झाडच असे, आणि काढणारा हात तोच असे. काय बदलणार आणि काय बदलणार नाही याचा एक अलिखित करार पाहणाऱ्याशी झालेला होता.

बदल का करावासा वाटला?

२०१० मध्ये मेटॅगने कारखाना विकला. २०१७ मध्ये तो जपानच्या सप्पोरो या मोठ्या बिअर कंपनीकडे गेला. जानेवारी २०२१ मध्ये नवे रूप जाहीर झाले. नांगर राहिला, पण सपाट आणि ठसठशीत झाला. बारीक रेषा गेल्या. ‘अँकर’ हे नाव मोठ्या ठळक अक्षरांत आले, आणि पिवळा-निळा असे उजळ, सपाट रंग आले. बाटल्या, डबे, खोकी या सर्वांना एकाच साच्याचे रूप मिळाले. बिअरची कृती मात्र तीच होती.

हा बदल करणाऱ्यांना केवळ अरसिक म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट गर्दीची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्याही आत होते. २०२१ पर्यंत त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली. मेटॅगच्या काळी हाताने काढलेले लेबल असणे हेच वेगळेपण होते, कारण बाकीच्या मोठ्या कंपन्यांची लेबले यंत्रातून निघाल्यासारखी होती. पण अँकरच्या मागून आलेल्या हजारो लहान कारखान्यांनीही आपापली चित्रे काढून घेतली. आपल्याच अनुयायांच्या गर्दीत अँकरचे लेबल हरवले. वस्तुभेदाचे हे दुर्दैव आमच्या पाठ्यपुस्तकात स्पष्टपणे येत नाही : जो भेद यशस्वी होतो त्याचे अनुकरण होते, आणि अनुकरण झाले की तो भेद उरत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. दुकानातील मांडणीपुढून जाणारा माणस दोन-तीन हातांवरून पाहतो आणि क्षणात पुढे सरकतो. त्या अंतरावरून बारीक रेघ दिसत नाही. रंगाचा पट्टा आणि मोठा आकार दिसतो. लेबलाला दोन कामे करावी लागतात. दुरून हाक मारायची आणि जवळ आल्यावर बोलायचे. जुने लेबल जवळून फार छान बोलत होते, पण त्याची हाक क्षीण होती.

तिसरी गोष्ट घराण्याची. एका कारखान्याच्या चार-पाच प्रकारच्या बिअर असतील तर त्या एकमेकींच्या बहिणी आहेत हे पाहणाऱ्याला कळावे लागते. जुन्या लेबलांत प्रत्येकीचा तोंडवळा निराळा होता. नव्या रूपात सगळ्या एका घरच्या दिसू लागल्या. कोणत्याही वेष्टनकाराला ही तीन कारणे पटतील.

निषेध का झाला?

तरीही नवे रूप जाहीर होताच जुन्या चाहत्यांनी जोरदार नापसंती व्यक्त केली. वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर टीकेचा भडिमार झाला. चव बदलली नव्हती, तरी आपले काहीतरी काढून घेतले गेले असे लोकांना वाटले. हे का वाटले याचा उलगडा मला अमेरिकेतील टीकाकारांपेक्षा आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून अधिक चांगला झाला.

पहिला निकाल १९६२ चा, ‘अमृतधारा’ या औषधाच्या नावाविषयीचा. ‘लक्ष्मणधारा’ हे नाव त्याच्याशी फसवे साम्य असणारे आहे की नाही, असा वाद होता. न्यायालयाने सांगितले की, असा प्रश्न सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणशक्तीच्या गिऱ्हाईकाच्या दृष्टीने पाहावा. गिऱ्हाईक शब्दाची फोड करीत बसत नाही. एकंदर ठसा लक्षात ठेवते.

दुसरा निकाल १९७२ चा आणि तो थेट वेष्टनाविषयीचा आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतघर, मधोमध पाण्याचे भांडे घेतलेली मुलगी आणि आजूबाजूला गाई व कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरकडील एका कारखान्याच्या पुड्यावरही मुलगी, गाई, कोंबड्या होत्या. फक्त मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता. खालच्या न्यायालयांना हे फरक पुरेसे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की, दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजण्याची रीत येथे चालणार नाही, कारण गिऱ्हाईक काही एक पुडा खिशात घालून दुसरा घ्यायला जात नाही. त्याच्या मनात राहतात ती ठळक लक्षणे. निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

हे निकाल वाचताना मला आमच्या घरातील एक गोष्ट पटकन आठवली. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण दुकानातील माल ती अचूक ओळखते. चहाचा पुडा रंगावरून, हळदीचा चित्रावरून, साबण कागदाच्या चकाकीवरून. काही वर्षांपूर्वी तिच्या नेहमीच्या चहाच्या कंपनीने पुड्याचा रंग आणि चित्र दोन्ही एकदम बदलले. मी आणलेला नवा पुडा तिने परत पाठविला. “अरे, ह्यो दुसराच हाय. दुकानदारानं तुला गंडवलं,” असे ती म्हणाली. मी नाव वाचून दाखविले. तिचे म्हणणे असे की, नाव काय, कोणीही छापील. तिने तो पुडा आठवडाभर फोडला नाही. घरात तेव्हा वाचू शकणारा मी होतो, पण खरे पाहता तो पुडा कित्येक वर्षे ‘वाचत’ आली होती ती आजी. कंपनीने एका दिवसात तिला पुन्हा निरक्षर केले.

या ठिकाणी मला या लेखाचे मुख्य सूत्र सापडले असे वाटते. व्यापारचिन्हाचा कायदा दुसऱ्या कारखानदाराला सांगतो की, गिऱ्हाईकाच्या मनातील ठशाला धक्का लावू नकोस. त्याची अपुरी स्मृती हीसुद्धा संरक्षण देण्याजोगी गोष्ट आहे. पण तोच ठसा खुद्द मालकाने पुसला तर कायदा काही बोलत नाही, आणि बोलूही शकणार नाही. परक्याला जे करण्यास मनाई आहे ते मालक आपल्या हाताने करू शकतो. चिन्ह कायद्याने कंपनीचे आहे. पण ज्या स्मृतीमुळे त्या चिन्हाला किंमत आली ती स्मृती गिऱ्हाईकाची आहे. अँकरचे चाहते लिहिता-वाचता येणारे, सुस्थितीतले लोक होते. तरी लेबलापुढे तेही माझ्या आजीसारखेच वागले. याचा अर्थ चित्राने ओळखणे ही केवळ निरक्षरांची पद्धत नव्हे. आपण सगळेच तसे वाचतो; अक्षर येणाऱ्यांना ते कबूल करावेसे वाटत नाही, इतकेच.

उसनी घेतलेली स्मृती

याच सूत्राची दुसरी बाजू दाखविणारे एक उदाहरण न्यूयॉर्कमधील आहे. १९८० च्या दशकात स्टीव्ह हिंडी हा पत्रकार आणि टॉम पॉटर हा बँकेतील अधिकारी यांनी ब्रुकलिन भागाच्या नावाने बिअर काढण्याचे ठरविले. बोधचिन्हासाठी ते मिल्टन ग्लेसर या नामवंत चित्रकाराकडे गेले. न्यूयॉर्कवरील प्रेम लाल हृदयाच्या आकृतीने दाखविणारे जगप्रसिद्ध चिन्ह याच ग्लेसरचे. हिंडीच्या मनात बिअरच्या नावात गरुड घालण्याचा विचार होता. ग्लेसरने सल्ला दिला की, ब्रुकलिन हे नावच इतके मोठे आहे की त्याला दुसरे काही जोडू नये. त्याने वळणदार ‘बी’ हे एकच अक्षर काढले. ते पाहून ब्रुकलिनच्या लोकांना ‘डॉजर्स’ या आपल्या बेसबॉल संघाची आठवण व्हावी, अशी योजना होती. तो संघ १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला होता आणि ती हुरहुर तीस वर्षांनंतरही गेली नव्हती. ग्लेसरने मोबदल्यात कंपनीचा काही हिस्सा घेतला.

१९८८ मध्ये ही बिअर बाजारात आली. ज्या कारखान्याला स्वतःचा इतिहास नव्हता त्याने गावाची स्मृती उसनी घेतली. यात एक विसंगतीही होती. आरंभीची ही बिअर ब्रुकलिनमध्ये तयार होत नव्हती, ती दूरच्या युटिका गावी करून घेतली जाई. कारखाना ब्रुकलिनमध्ये आला तो १९९६ साली. म्हणजे चिन्हाने दिलेले वचन पुरे व्हायला काही वर्षे लागली. पण ते पुरे झाले, हे महत्त्वाचे. उसनी घेतलेली स्मृती फेडावी लागते. ब्रुकलिनने नसलेली स्मृती जोडून घेतली आणि अँकरने असलेली सैल केली, असा या दोहोंतील फरक सांगता येईल.

कावळा आणि फांदी

अँकरची पुढची हकीगत दुःखद आहे. १२ जुलै २०२३ रोजी कंपनीने कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर केले. १८९६ पासून मोजले तर ते एकशे सत्ताविसावे वर्ष होते. ‘लेबल बदलले आणि कारखाना बुडाला’ असे वाक्य लिहिण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असे होत नाही. कंपनीने करोनाच्या साथीचा परिणाम, महागाई आणि तीव्र स्पर्धा ही कारणे दिली. विक्रीची घसरण तर २०१६ पासूनच सुरू होती, म्हणजे नव्या लेबलाच्या कितीतरी आधी. फांदी अगोदरच वाळत होती. उलट असे म्हणता येईल की, ती वाळते आहे हे दिसल्यामुळेच नवे लेबल काढण्याची घाई झाली.

पण यातून एक धडा मिळतो. आजारी धंद्यात वेष्टन बदलणे हा उपचार म्हणून फार आकर्षक वाटतो, कारण तो चटकन करता येतो आणि डोळ्यांना दिसतो. खप का उतरला, वितरण कोठे अडले, कामगार समाधानी आहेत काय, मालकी दूर गेल्याने गावाशी नाते सैल झाले काय, हे प्रश्न न दिसणारे असतात. याच कारखान्यातील कामगारांनी २०१९ मध्ये संघटना स्थापन केली होती. कारखाना बंद पडत असता तो सहकारी तत्त्वावर आपण विकत घेऊन चालवावा, असा प्रयत्नही त्यांनी केला. तो साधला नाही. पुढे ३१ मे २०२४ रोजी हमदी उलुकाया या मूळच्या तुर्कस्तानातील, दह्याच्या धंद्यात नाव मिळविलेल्या उद्योजकाने अँकर विकत घेतल्याचे जाहीर झाले. बंद पडलेल्या कारखान्यात विकत घेण्याजोगे काय उरते? यंत्रे आणि जागा उरतात, बिअरच्या कृती उरतात आणि तो नांगर उरतो. त्या नांगराला अजून किंमत होती ती लोकांच्या आठवणीमुळेच.

निष्कर्ष

या अभ्यासातून हाती आलेले मुद्दे थोडक्यात मांडतो.

एक, वेष्टन बदलण्यापूर्वी गिऱ्हाईक आपला माल कशावरून ओळखते हे त्यालाच विचारले पाहिजे. कारखानदार नावाला महत्त्व देत असेल आणि गिऱ्हाईक कडेच्या लाल पट्ट्यावरून माल उचलत असेल, तर तो पट्टा हाच खरा बोधचिन्ह होय.

दोन, सर्व लक्षणे एकदम बदलू नयेत. रंग बदलला तर चित्र ठेवावे, चित्र बदलले तर रंग ठेवावा. नदी ओलांडताना एक पाऊल जुन्या दगडावर असावे लागते.

तीन, दुरून दिसणे आणि जवळून बोलणे ही दोन्ही कामे वेष्टनाची आहेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावाच लागतो असे नाही. दर्शनी बाजूचा नांगर मोठा आणि ठळक करून बार्लीची कणसे मागच्या बाजूला ठेवता आली असती.

चार, वेष्टनाने धंद्याचा आजार बरा होत नाही. फार तर पाहणाऱ्याचे लक्ष क्षणभर वेधले जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या आया-बहिणी बचत गटात पापड, मसाले, लोणची करतात. गटाचा खप जरा वाढला की कोणीतरी सुचविते, ‘आता छान लेबल करून घ्या.’ संगणकावर लेबल करून देण्याचे ते काम घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. त्या वेळी जुने, वेडेवाकडे, शाईच्या शिक्क्याचे लेबल फाडून टाकण्याआधी ते कोणकोणाला ओळखीचे झाले आहे याची चौकशी अवश्य करावी. नवे अक्षर सुबक असावेच. पण आठवड्याच्या बाजारात दुरून येणाऱ्या, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाईकाला “हा आपलाच मसाला” असे म्हणता यावे, एवढी जुनी खूण त्यात ठेवावी.